माझ्या मापाची मान

पुण्यातल्या त्या मोठ्या वाद्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला छत्तिसावं चालू होतं. आमच्या कंपनीत जो कोणी काही वाजवायचा त्याच्या तोंडी त्या दुकानाचं नाव असायचं. काचेचं दार, आत एसीचा गारवा, भिंतभर टांगलेल्या गिटारी आणि प्रत्येक गिटारीवर वेगळा दिवा. मी दारातच बूट काढायला वाकलो. आत काळ्या टी-शर्टातली एक मुलगी उभी होती. ती हसू दाबत म्हणाली, "सर, शूज चालतात."

मी बेस गिटार बघायला आलो होतो. चार जाड तारांची, खालच्या सुरांची. ती कोणत्या भिंतीवर आहे हे मला आल्या आल्या दिसलंही होतं. पण मी तिकडं न जाता मधेच माउथ ऑर्गनच्या काउंटरपाशी घुटमळत राहिलो. मुलगी मागून आली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "सर, मुलासाठी बघताय का?"

"हो," मी म्हणालो. "मुलासाठी."

मला मुलगा नाही. दोन मुली आहेत. पण शिरूरहून एसटीनं आलेला, कंपनीचा निळा शर्ट घातलेला, दोन पोरींचा बाप स्वतःसाठी गिटार घ्यायला आलाय हे मला त्या दिव्यांखाली म्हणवेना. मग तिनं मुलाचं वय विचारलं. मी आठ सांगितलं. तिनं चार तारांचं एक छोटं निळं युकुलेले काढून दाखवलं, त्याच्यावर डॉल्फिनचं चित्र होतं. मी ते घेऊन बाहेर पडलो. घरी बायकोनं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "हे तुम्ही वाजवणार?" मुलींनी आठ दिवसांत त्याची एक तार तोडली, आणि मी एकदाही त्यांना रागावलो नाही.

बेसचं हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते कंपनीच्या अॅन्युअल डेमुळं. मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याआधी प्रेस शॉपला होतो. तिथं एकदा माझ्याच गडबडीनं डाव्या हाताची करंगळी मशीनमध्ये सापडली. बोट वाचलं, पण ते अर्ध्याच्या पुढं वळत नाही. आमच्या कंपनीतल्या हौशी लोकांचा एक बँड होता. मेंटेनन्सचा एक दोस्त लीड गिटार वाजवायचा, अकाउंटचे एक साहेब कीबोर्डवर, आणि मी ढोलकी. ऐन कार्यक्रमाच्या महिन्यात बेसवाला नोकरी सोडून चाकणला गेला. वरवंडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून बेस गिटार मागून आणली आणि ती माझ्या गळ्यात घातली. "तुला ताल कळतो," दोस्त म्हणाला, "बाकी चार जागा मी दाखवतो."

मी सगळ्यात वरची जाड तार छेडली आणि ती माझ्या पोटात वाजली. आमचं घर धनगराचं. आजोबा मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत उतरायचे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, शिरूरजवळ शेती धरली, पण बिरोबाच्या जत्रेत ढोल अजून त्यांच्याच गळ्यात असतो. कार्यक्रमाला घरची माणसं आली होती. आबा शेवटपर्यंत बसले, आणि नंतर मला एवढंच म्हणाले, "ह्यो तारंचा ढोलच हाय की." त्या रात्रीपासून मला स्वतःची बेस हवी होती.

युकुलेलेची हकीकत मी वरवंडच्या त्या ऑर्केस्ट्रावाल्याला सांगितली, म्हणजे मुलाचा भाग सोडून. तो म्हणाला, "पुण्याला कशाला गेला? बेस घ्यायचा तर दौंडला जा. तिथं एक अंकल हायेत. दुसरं काय ठेवतच न्हाईत. निस्ता बेस."

दौंडला रेल्वेच्या क्वार्टर संपतात तिथं एक बैठं घर आहे. पुढच्या खोलीच्या दारावर हातानं रंगवलेली पाटी होती: 'फक्त बेस गिटार. दुसरी वाद्ये विचारू नयेत.' आत लोखंडी हुकांना दहा-अकरा बेस टांगलेल्या, त्यातली एकही नवी नाही. एका लांब लाकडी टेबलाशी खाकी हाफ पँट घातलेला म्हातारा माणूस एका गिटारीच्या दांड्याला एक डोळा मिटून बघत होता, सुतार फळीचा बाक बघतो तसा. हे अंकल. डिझेल शेडला फिटर म्हणून रिटायर झालेले. तरुणपणापासून चर्चमध्ये आणि रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधल्या डान्सला बेस वाजवलेली.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"माझ्यासाठी," मी म्हणालो. तिथं हे म्हणायला काहीच जड गेलं नाही.

त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, तळवा वर केला, खाली केला. "ह्या बोटाला काय झालं?"

"प्रेसमध्ये सापडलं होतं."

"किती वळतं? वळव. अजून वळव. बस." मग ड्रॉवरमधून व्हर्नियर काढला, माझा अंगठा आणि करंगळी यांच्यामधलं माप घेतलं आणि टेबलावरच पेन्सिलीनं आकडा लिहिला. मी दिवसभर कंपनीत व्हर्नियरनं दुसऱ्या वस्तू मोजतो. मला कोणी मोजलं नव्हतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची बायको मेथी निवडत होती. आंटींना तापानं पूर्ण बहिरेपण आलेलं, समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखायच्या. अंकलनी माझ्या हातात एक बेस दिली आणि वाजव म्हणाले. मी वाजवायला लागलो तसा आंटींनी मेथीचा हात पुसून तळवा टेबलावर सपाट टेकवला. अॅम्प टेबलावरच ठेवलेला होता. खालचे सूर लाकडातून त्यांच्या हाताला कळायचे. मी तालाला चुकलो की त्या टेबलावर थाप मारायच्या आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणायच्या, "पळू नको! पळू नको!"

त्यानंतर मी दर रविवारी दौंडला जायला लागलो. शिरूरहून मोटारसायकल काढायची, न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून हायवेनं वरवंड, पाटस आणि दौंड. दीड तास लागायचा. अंकलनी कधी फी हा शब्द काढला नाही. त्यांनी मला गिटारीची मान कशी बघायची ते शिकवलं. गिटारीच्या दांड्याला ते मानच म्हणायचे. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती पान्यानं फिरवली की वाकलेली मान सरळ होते, हे दाखवलं. मानेवरच्या दोन पट्ट्यांमधलं एकेक घर, त्या प्रत्येक घरात तार दाबून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचं, कारण काही मानांवर एखादी जागा मेलेली असते, तिथं सूर लागतो आणि लगेच विझतो. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. दुसरीकडून मला काहीही आलेलं नव्हतं.

दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात त्यांनी हुकावरची एक जुनी बेस काढली. बॉडी चांगली, आवाज भरदार, पण मान जाड होती. माझी करंगळी तिच्यावरून पोचायची नाही. अंकल म्हणाले, "ही मान मी तुझ्या हाताला करतो. इथून घासायची, अंगठ्याला जरा खोलगट ठेवायची, मग करंगळी न वळताही पोचेल. घाई नाही ना तुला?"

"नाही अंकल. करा सावकाश."

"एकदा घासली की दुसऱ्याच्या कामाची नाही, बरं का. घेणार ना?"

"घेणार म्हणजे काय!" मी म्हणालो.

मी बयाणा काढायला लागलो तर त्यांनी हात झटकला. मग दर रविवारी मी गेलो की ते त्या मानेवर आठवडाभर काय केलं ते दाखवायचे. कानस, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. माझ्या हातात द्यायचे, मी धरायचो, ते माझा अंगठा कुठं बसतो तिथं पेन्सिलीची खूण करायचे.

दिवाळीच्या आधी लीड गिटारवाल्या दोस्ताला पुण्यातल्या त्याच दुकानातून काहीतरी घ्यायचं होतं. तो आणि कीबोर्डवाले साहेब साहेबांच्या गाडीतून निघाले आणि मलाही ओढलं. मी गेलो तो नुसता बघायला, हे खरं आहे. दुकानात तेच दिवे, तोच गारवा. मात्र ह्या वेळी मी सरळ बेसच्या भिंतीपाशी गेलो. एक काळीभोर नवी बेस उतरवून घेतली, एक डोळा मिटून मान बघितली, प्रत्येक घर वाजवून बघितलं. सातव्या घरात सूर विझला. मी सेल्समनला म्हणालो, "इथं मेलेली जागा आहे. दुसरा पीस दाखवा."

तो चपापला. त्यानं स्वतः वाजवून बघितलं, मग आतून मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं दुसरा पीस आणवला, मी तोही तसाच तपासला. मला आजूबाजूला लोक थांबून बघताहेत हे कळत होतं. त्या गारव्यात मला घाम आला होता, आणि तो मला आवडत होता. मॅनेजर म्हणाला, "सर, तुम्ही प्रोफेशनल आहात का? कुठे शिकलात?"

मी बोलायच्या आधीच दोस्त हसत म्हणाला, "दौंडला जातोय ह्यो दर रविवारी. कुण्या म्हाताऱ्याकडं."

"दौंड?" मॅनेजर म्हणाला. नुसतं गावाचं नाव, पण त्यानं भुवया जरा वर नेल्या.

"छे," मी म्हणालो. "तिथं आपला टाइमपास. जुनी लाकडं घासत बसतात ते. मी यूट्यूबवरून शिकलो."

हे वाक्य मी अनेकदा आठवून पाहिलंय. मला कोणी धमकावलं नव्हतं. माझं काही नुकसान होणार नव्हतं. मॅनेजर तर पाच मिनिटांत मला विसरणार होता. तरी ते माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की त्याचीच आता लाज वाटते. आधी कधीतरी घोकून ठेवल्यासारखं आलं.

आणि मग ती काळी बेस मी घेतली. हप्त्यांवर. इतकी तपासणी करून, इतक्या लोकांसमोर, न घेता बाहेर पडणं मला जमलं नसतं. निघताना त्यांनी गिटार हातात देऊन माझा फोटो काढला आणि दुकानाच्या ऑनलाइन पानावर टाकला. माझ्या लग्नाच्या फोटोत मी तेवढा हसलेलो नाही.

घरी बायकोनं केस उघडून बघितली. तिला पहिला प्रश्न सुचला तो असा: "दौंडला सांगितलंत का?"

"सांगीन," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी सांगायचंच ठरवून निघालो. वरवंडपर्यंत वाक्यं जुळवली होती. "अंकल, एक चूक झाली." मग ते बदलून, "अंकल, कंपनीतल्या लोकांनी जबरदस्ती केली." दारात पोचलो तर अंकल मान घेऊन बसले होते. मला बघताच खूश होऊन ती माझ्या हातात दिली. "धर. बघ आता." मी धरली. ते माझ्या बोटांकडं बघत होते. "कशी वाटते?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "अजून थोडी बारीक चालेल."

माझ्या घरी नवी कोरी बेस केसमध्ये पडलेली असताना मी त्या माणसाला अजून बारीक कर म्हणून सांगितलं. आणि त्यांनी मान डोलावली, पेन्सिलीनं खूण केली, कानस उचलली. मी समोर बसून त्यांचा खांदा पुढंमागं होताना पाहत राहिलो. भुसा खाली पडत होता. आंटींनी मला पोहे दिले. त्याच्या पुढच्या रविवारीही मी गेलो. त्या वेळी पॉलिशचा पहिला हात चढत होता. तेव्हाही बोललो नाही. त्यानंतर मी ओव्हरटाइमची सबब काढून जाणंच बंद केलं. अंकलचा फोन आला की मी म्हणायचो, "कंपनीत फार लोड आहे." ते म्हणायचे, "असू दे, असू दे. तुझी तयार आहे. टांगून ठेवलीय."

उन्हाळा लागला. आमच्या वरच्या खोलीला पत्रा आहे, आणि मी माझी काळी बेस त्याच खोलीत ठेवत होतो. चैत्राच्या उन्हानं तिची मान वाकली. कुठलीही तार दाबली की ती पट्ट्यांना घासून खरखरायची. अॅन्युअल डे आठ दिवसांवर आला होता. मी सळई फिरवून बघितली, पण नव्या महागाच्या वस्तूला जोरात पाना लावायचा धीर होईना आणि मी सोडून दिलं. पुण्याच्या दुकानाला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, ठेवून जा, दोन आठवडे लागतील."

मग मी ती केस मोटारसायकलला बांधली आणि दौंडला गेलो. वाटेत ह्या वेळी मी खरं बोलायची वाक्यं जुळवत नव्हतो. खोट्याची जुळवत होतो.

"अंकल, ही मित्राची आहे," मी दारातूनच म्हणालो. "कंपनीतला एक आहे. त्याला काही कळत नाही ह्यातलं."

अंकलनी केस उघडली. बराच वेळ बघितलं. "चांगली आहे," म्हणाले. "मित्राला सांग, पत्र्याखाली ठेवू नको." तारा सैल केल्या, पाना लावला, पाव फेरा फिरवला, थांबले, परत एक डोळा मिटून बघितलं. मी उभाच होतो. समोरच्या भिंतीवर ती जुनी बेस टांगलेली होती, पॉलिश करून, नव्या तारा चढवून. तिच्याकडं बघायचं नाही म्हणून मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

तास-दीड तास गेला. अंकलनी तारा पिळल्या, गिटार माझ्याकडं दिली. "वाजवून बघ."

मी अॅन्युअल डेसाठी बसवलेलंच वाजवलं. दोन महिने रोज वाजवत होतो, हात आपोआप गेला. आंटींनी नेहमीसारखा तळवा टेबलावर टेकवला. मी कुठंही पळालो नाही. वाजवणं संपलं तेव्हा आंटी अंकलकडं वळून त्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "मित्राची कुठली? ही ह्याचीच आहे! परक्याच्या गिटारीवर हात असा नाही चालत!"

त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. मी गिटार घेतली म्हणून त्यांना आनंद झाला होता. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, अंकलच्या तोंडाकडं बघितलं, आणि टेबलावरचा हात हळूच उचलून पदराखाली घेतला.

अंकलनी गिटार माझ्या हातातून घेतली, फडक्यानं बोटांचे डाग पुसले, केसमध्ये ठेवली, दोन्ही खटके लावले. केस माझ्याकडं सरकवत म्हणाले, "घ्या. तुमचं काम झालंय."

मी पैसे टेबलावर ठेवून बाहेर पडलो. पाटस मागं पडल्यावर माझ्या लक्षात आलं की ते मला 'तुम्ही' म्हणाले. तोपर्यंतचे सगळे रविवार ते मला 'तू' म्हणत होते, 'बेटा' म्हणत होते. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि थोडा वेळ तशीच चालू ठेवून उभा राहिलो. कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन बायकोला सांगू शकलो असतो. हे काय सांगणार?

अॅन्युअल डेला मी चांगलं वाजवलं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी स्टेजवर येऊन माझ्याशी हात मिळवला. मी खाली उतरलो तेव्हा आबा म्हणाले, "ह्या वक्ताला तुजं ध्यान न्हवतं." त्यांना काहीच माहीत नव्हतं.

त्यानंतर चार महिने मी दौंडला गेलो नाही. गेलो तो गणपतीच्या आधी, एका रविवारी, काही काम नसताना. बायकोनं सकाळी डबा भरून दिला, त्यात अंकल-आंटींसाठी थालीपीठं होती. ती म्हणाली, "आज न सांगता आलात तर डबा परत आणू नका." ती हसत नव्हती.

पुढच्या खोलीत एक बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या, नऊवारी नाही पण काष्ट्यासारखी आवळून नेसलेली साडी, मनगटावर मोठं घड्याळ. कासुर्डीच्या होत्या. त्यांच्या घरची बँड पार्टी होती, बेसवाला ऐन सीझनमध्ये सोडून गेला होता, आणि त्यांनी ठरवलं होतं की आता कुणाच्या मागं लागायचं नाही, आपणच शिकायचं. त्यांच्या मांडीवर ती जुनी बेस होती. माझ्या मापाची.

"या," अंकल मला म्हणाले. "बसा. बरं झालं आलात. ताईंना ही मान कशी धरायची ते कळत नाहीये. तुम्ही दाखवता का? तुमच्या हाताची आहे."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. एखाद्या कामाची गोष्ट सांगावी तसं ते बोलले. बाईंनी गिटार माझ्याकडं दिली.

पूर्ण झाल्यावर मी ती पहिल्यांदाच हातात घेत होतो. अंगठा त्या खोलगट जागेत गेला आणि तिथंच बसला. करंगळी, जी काळ्या बेसवर मला ओढूनताणून न्यावी लागते, ती काही न करता शेवटच्या तारेवर जाऊन टेकली. मी सावकाश वाजवलं. एकाही घरात सूर विझला नाही. आंटी टेबलापाशी होत्या, पण त्या वेळी त्यांचे दोन्ही हात कणकेत होते.

मला ती हवी होती. अगदी त्या क्षणी मी म्हणालो असतो, 'अंकल, ही मीच घेतो,' तर त्यांनी कदाचित दिलीही असती. माझ्या मनात वाक्य तयार होतं. मी ते बोललो नाही. त्या बाईंचा विचार करून गप्प बसलो, की अंकल नाही म्हणतील ह्या भीतीनं, हे मला आजही ठरवता येत नाही.

"अंगठा इथं ठेवायचा ताई," मी म्हणालो. "ह्या खळग्यात. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा."

बाईंचा हात लहान होता. बारीक मान त्यांना माझ्यापेक्षाही सोयीची पडली. खळगा त्यांच्या अंगठ्याला थोडा वर पडत होता, पण दहा मिनिटांत त्यांनी त्याच्याशी जुळवून घेतलं. "झ्याक हाय की वो," त्या म्हणाल्या. "जणू माझ्यासाठीच केलीया." अंकल हसले. बाईंच्या मालकांनी बाहेर जीप लावली होती. त्यांनी बेसबरोबर विकत घेतलेला अॅम्प मी उचलून जीपमध्ये ठेवला, बेसची केस सीटवर आडवी ठेवून दिली. त्या गेल्या.

मी आत आलो. अंकल टेबल पुसत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दुकानात मॅनेजरसमोर काय बोललो ते, 'जुनी लाकडं' म्हणालो तेही. आणि शेवटी ते दोन रविवार. "घेऊन झाली होती अंकल, तरी मी तुम्हाला घासू दिली."

"माहीत होतं," ते म्हणाले.

"आंटी बोलल्या तेव्हा कळलं?"

"नाही हो. दोन रविवार म्हणालात ना, त्यातल्या पहिल्याच. आठवड्यातून एकदा वाजवणाऱ्याची बोटं वेगळी असतात. तुमच्या बोटांना आठ दिवसांत घट्टे आले होते." त्यांनी फडकं झटकलं. "मला वाटलं, चहा झाल्यावर सांगाल. मग वाटलं, पुढच्या रविवारी सांगाल."

"मग तुम्ही घासत का राहिलात?"

"काम अर्धं झालं होतं," ते म्हणाले. फडक्याची घडी घालत पुढं म्हणाले, "विकत तुम्ही कुठूनही घ्या. दुकान मोठं आहे, माल चांगला ठेवतात. त्याचं मला काही वाटलं नाही. अजून बारीक करा म्हणालात ना, त्याचं वाटलं."

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आता ती गोष्ट दोघांच्या मधे टेबलावर होती आणि तिचं काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी "असू दे" म्हटलं. आंटींनी डबा उघडला, थालीपीठाचा वास घेतला आणि मोठ्यानं विचारलं, "बायकोनं केलं? तिला घेऊन ये एकदा!" आंटी मला अजून 'तू'च म्हणतात.

मी महिन्यातून एखाद्या रविवारी जातो. बायको आणि मुलीही दोनदा येऊन गेल्या. अंकल मला शिकवतात, चुकलं की सांगतात, काळ्या बेसची मान दर ऋतूला सरळ करून देतात. सगळं पहिल्यासारखंच चालतं. फक्त काम झालं की ते केसचे खटके लावतात आणि म्हणतात, "निघा आता तुम्ही, चौफुल्याला गर्दी होईल." मी "हो अंकल" म्हणतो आणि निघतो.